शेत, अवजारे आणि घर : वाचकांचे प्रश्न

ज्वारीची मळणी उरकली की सोलापूर जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. थंडीत कीड आणि खते विचारणारे वाचक आता गळके छप्पर, कुरकुरणारा ट्रॅक्टर आणि फुटलेला बांध यांविषयी विचारू लागतात. या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे लहान शेतकऱ्यांची आहेत. जागेअभावी ती थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे, तीन एकर काळे रान, उरलेले मुरमाड. घर दगडी भिंतींचे व माळवदाचे (लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर) असून गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी गळले. ओढ्याकडचा बांध फुटला आहे. जुना लहान ट्रॅक्टर घेतला आहे, त्याची लिफ्ट नांगर नीट उचलत नाही. शिवाय घरात फरशी बसवून स्वयंपाकघर नवे करावे, असा घरच्यांचा आग्रह आहे. मी नोकरी करतो, त्यामुळे रविवार आणि रजेचे दिवस एवढाच वेळ मिळतो. हाताशी साधारण दीड लाख रुपये आहेत. कामे कोणत्या क्रमाने घ्यावीत?

उत्तर : आपल्या यादीतील एकही काम अनावश्यक नाही, परंतु त्यांपैकी काही कामांची तारीख पावसाने ठरवून दिलेली आहे आणि काहींची आपण ठरवू शकता. हा फरक एकदा मनाशी पक्का केला की पैसे थोडे असूनही क्रम लावता येतो. जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस ६०० मिलिमीटरच्या आत आहे आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. एप्रिलच्या अखेरीपासून वळवाच्या सरी, जूनमध्ये मृगाचा पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये बहुधा लांबलेली उघडीप आणि उत्तरा-हस्ताला पुन्हा जोर, अशी आपल्याकडची चाल असते. त्यामुळे माळवदाची मुदत मेच्या मध्यापर्यंत, बांधाची जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ट्रॅक्टरची ऑगस्टअखेरपर्यंत आहे. फरशीला मात्र कोणतीच मुदत नाही.

माळवद आधी घ्यावे, हे ओघाने आलेच. पण ते कसे घ्यावे, यावर अधिक लिहिणे भाग आहे, कारण या कामात सर्रास होणारी चूक जिवावर बेतू शकते. गळती दिसली की वर आणखी एक पाटी पांढरी माती टाकायची, ही पद्धत वर्षानुवर्षे चालू राहिली, तर मातीचा थर जाड होत जातो आणि पावसात भिजल्यावर त्याचे वजन जुन्या तुळयांना पेलवत नाही. झडीच्या पावसात माळवद कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांपैकी कित्येकांमागे हेच कारण असते. म्हणून प्रथम आतून पाहणी करावी. तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते, तिथे ओल आणि वाळवी सर्वांत आधी लागते. त्या जागी लाकूड ठोकून आवाज ऐकावा आणि जाड दाभण किंवा पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला, तर माती टाकण्याचा विचार सोडून आधी खालून टेकू द्यावा आणि सुताराला बोलवावे. लाकूड शाबूत असेल, तर गळणाऱ्या भागातील जुनी माती फळ्यांपर्यंत उकरून काढावी, उंदरांची बिळे आणि गवताची मुळे साफ करावीत, लिंबाचा पाला अंथरून त्यावर चिखलाचा थर आणि शेवटी पांढऱ्या मातीचा थर पन्हाळीकडे उतार देऊन चोपून बसवावा. रानातील काळी माती जवळ आहे म्हणून ती वापरू नये, कारण ती वाळली की भेगाळते आणि भेगेतूनच पाणी उतरते. पन्हाळ मोकळी आहे ना, हेही पाहावे. निम्म्या गळत्या माळवदाच्या नसून तुंबलेल्या पन्हाळीच्या असतात.

माळवदावर पत्रे घालण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी देईलच. तो वाईट नाही. मधे हवा खेळती राहिली तर खालची खोली थंडही राहते. पण पत्र्यांचे खांब माळवदाच्या मातीवर टेकवू नयेत. त्यांचा भार भिंतीवर किंवा थेट जमिनीवर यावा आणि सांगाडा भिंतीशी घट्ट जखडलेला असावा, कारण वळवाचे वारे पत्रा खालून उचलते. हा खर्च या वर्षी झेपणार नाही, असे आपल्या आकड्यावरून वाटते.

बांधाचे काम ऐन उन्हात करू नये. वाळलेल्या काळ्या मातीची ढेकळे रचून केलेल्या भरावात पोकळ्या राहतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या पोकळ्यांतूनच वाट काढते. एखाद्या वळवानंतर माती किंचित ओलसर असताना फुटलेल्या जागेचा तळ खरवडून घ्यावा, मुरूम मिसळलेली माती वीतभराच्या थरांनी भरावी आणि प्रत्येक थर धुम्मसाने (माती चोपण्याच्या जड ठोकळ्याने) ठोकावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो बांध तिथेच का फुटला, हे पाहावे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागात बांधबंदिस्तीची पुष्कळ कामे झाली. अशा बांधांना जादा पाणी काढून देण्यासाठी सांडवे ठेवलेले असतात, पण नांगरट करताना किंवा वाट काढताना ते बुजवले जातात आणि मग पाणी स्वतःच सर्वांत खोलगट जागा निवडते. फुटलेली जागा तशीच खोलगट असेल, तर तिथेच दगडी सांडवा बांधणे हा स्वस्त आणि कायमचा उपाय आहे. दगड आपल्या मुरमाड दीड एकरात मिळतील आणि ते वेचल्याने तिथले कुळवणेही सोपे होईल.

ट्रॅक्टरच्या लिफ्टबाबत घाईने पंप बदलू नका. हायड्रॉलिक तेलाची पातळी, तेल दुधाळ झाले आहे का, आणि तेलाची जाळी किती तुंबली आहे, या तीन गोष्टी एका सकाळी पाहून होतात, आणि जुन्या ट्रॅक्टरमध्ये दुखणे पुष्कळदा तिथेच निघते. तेवढ्याने भागले नाही, तर या उन्हाळ्याची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकून घ्यावी आणि दुरुस्ती जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत करावी, कारण त्या दिवसांत मिस्त्रीला सवड असते. पेरणीच्या तोंडावर तोच मिस्त्री फोन उचलत नाही.

राहिली फरशी. घरच्यांचा आग्रह मोडून काढण्याची गरज नाही, काम दोन भागांत विभागावे. आता जमिनीवरचा पोपडा काढून मुरमाची भर घालावी, पाणी मारून चोपावी आणि पावसाळाभर ती तशीच दबू द्यावी. दिवाळीनंतर त्यावर शहाबादी फरशी बसवली, तर ती दोन वर्षांत डुगडुगणार नाही. स्वयंपाकघराचा ओटा त्याच वेळी होईल. दीड लाखांपैकी निदान चौथा हिस्सा माळवद उघडेपर्यंत बाजूला ठेवावा, कारण आत काय निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही. आपण लिहिलेले नाही, पण विचारतोच : ट्रॅक्टर उभा कुठे राहतो? उन्हात टायर आणि रबरी नळ्या तडकतात, पावसात सायलेन्सरमधून पाणी शिरते. रस्त्याने जाताना शेताला नाव कोरलेली कमान दिसते आणि कमानीच्या आत ट्रॅक्टर लिंबाखाली भिजत असतो, हा देखावा आपल्या जिल्ह्यात नवा नाही.

प्रश्न : माझे पती परगावी नोकरीला असून मंगळवेढा तालुक्यातील पाच एकर रान मी सासऱ्यांच्या मदतीने करते. मुख्य पीक रब्बी ज्वारी आहे. दिरांचा ट्रॅक्टर डिझेल घालून वापरायला मिळतो, अवजारे मात्र आमची नाहीत. रोटाव्हेटरला (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराला) अनुदान मिळते असे ऐकले. दरवर्षी भाडे देण्यापेक्षा तो विकत घ्यावा का?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. रोटाव्हेटर परवडेल का, हा एक, आणि तो आपल्या रानाला हवा आहे का, हा दुसरा.

पहिल्याचा हिशेब मांडू. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे दर त्या जागी घालावेत. समजा रोटाव्हेटरची किंमत १,२०,००० रुपये आहे, तो आठ वर्षे चालेल आणि शेवटी १२,००० रुपयांना विकला जाईल. म्हणजे दरवर्षीची झीज १३,५०० रुपये झाली. गुंतलेली सरासरी रक्कम ६६,००० रुपये धरली, तर तिच्यावर १० टक्क्यांनी ६,६०० रुपये व्याज होते, मग ते बँकेला द्यावे लागो किंवा आपल्याच ठेवीवर बुडो. पाती, गिअरबॉक्सचे तेल, बेअरिंग यांसाठी ४,००० रुपये धरावेत. अवजार एक दिवसही जुंपले नाही तरी यातला झीज आणि व्याजाचा मोठा भाग खर्च होतच असतो, आणि नेमके हेच खरेदीच्या वेळी कुणी मोजत नाही. वर्षाची बेरीज २४,१०० रुपये झाली. भाड्याचा दर एकरी १,५०० रुपये आणि स्वतःचे डिझेल एकरी ५०० रुपये धरले, तर स्वतःच्या अवजारामुळे एकरी १,००० रुपये वाचतात. खर्च भरून यायला वर्षाला २४ एकर काम हवे. अनुदानाने किंमत निम्मी झाली, तरी हाच हिशेब १३,६०० रुपयांवर येतो, म्हणजे सुमारे साडेतेरा एकर. आपल्या पाच एकरांत तो बसत नाही. जावेचे, शेजारचे मिळून आठ-नऊ एकर काम बाहेरून खात्रीने मिळणार असेल, तरच विचार करावा. आणि त्या वेळी ट्रॅक्टर दिरांचा आहे, त्याच्या वापराचे ठरवून घ्यावे, म्हणजे पुढे मने दुखावणार नाहीत.

अनुदानाविषयी एवढेच : कृषी यांत्रिकीकरणासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, महिला आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना अनुदानाचे प्रमाण अधिक असते, परंतु प्रत्येक अवजाराला कमाल मर्यादा असते. पूर्वसंमती हाती येण्याआधी अवजार खरेदी केले, तर ते अनुदानास पात्र ठरत नाही. विक्रेता घाई करीत असेल, तर ती त्याची घाई समजावी.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रब्बी ज्वारीच्या भारी काळ्या रानात दरवर्षी रोटाव्हेटर फिरवण्याच्या मी विरोधात आहे. वरचा चार-पाच इंचांचा थर पिठासारखा भुगा होतो, पहिल्या जोरदार सरीने तो बसून खपली धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहते. खाली पात्यांच्या माऱ्याने कडक थर तयार होतो तो वेगळाच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते पीक जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर येते, आणि ओलावा साठवणे व राखणे हेच इथल्या मशागतीचे सारे काम आहे. त्यासाठी उन्हाळ्यात नांगरट, पावसाळ्यात उघडीप मिळेल तशा कुळवाच्या पाळ्या, जुलैमध्ये उतार पाहून साधारण दहा मीटर लांबी-रुंदीचे वाफे, आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात दोन चाडी पाभरीने (बी आणि खत एकाच वेळी पेरणाऱ्या अवजाराने) पेरणी, ही सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनातून आलेली पद्धत आजही उपयोगाची आहे. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी (पिकाच्या ओळींमधील तण काढून माती हलवणे) करावी. तिसऱ्या कोळपणीने जमिनीच्या भेगा बुजतात आणि भेगांतून उडून जाणारी ओल थांबते. आपल्या सासऱ्यांना हे सर्व ठाऊक असणार.

त्यामुळे माझा सल्ला असा, की नांगरट आणि मळणी भाड्याने करून घ्यावी आणि पैसे गुंतवायचेच असतील, तर ठरावीक दिवशी हाताशी नसल्यास पीक वाया जाते अशा अवजारात गुंतवावेत : चांगले कुळव, पाभर किंवा ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्र, आणि तीन प्रकारची कोळपी. पेरणीची ओल चार दिवसांत उडते. त्या चार दिवसांत सारे गाव एकाच पेरणी यंत्राच्या मागे असते. नांगरटीला मात्र दोन महिने असतात.

जाता जाता एक सूचना. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजाराला शक्ती देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, सासऱ्यांचे उपरणे किंवा धोतराचा सोगा त्यात गुंतला, तर हात काढायलाही वेळ मिळत नाही. रोटाव्हेटर असो वा मळणी यंत्र, शाफ्टवरचे संरक्षक कवच काढून ठेवलेले अवजार आपल्या रानात चालू देऊ नये.

प्रश्न : दक्षिण सोलापूरमध्ये आमच्या रानातच घर आहे. जुन्या खोल्या दगड-मातीच्या. त्यांना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, तो तीन वर्षांत फुगून पडू लागला. शेजारी बांधलेल्या नव्या खोलीच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या आहेत. गवंडी म्हणतो, सिमेंट खराब होते. हे खरे आहे का?

उत्तर : दोन्ही दोष वेगळे आहेत, आणि सिमेंटवर खापर फोडण्याआधी जमिनीकडे पाहिले पाहिजे.

दगड-मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि ती पृष्ठभागावरून उडून जाते. पूर्वीचे मातीचे किंवा चुन्याचे गिलावे या ओलीला वाट देत असत. सिमेंटच्या गिलाव्याने ती वाट बंद झाली, ओल आतच कोंडली, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साचले आणि त्यांनी तो ढकलून पाडला. उत्तम प्रतीचे सिमेंट वापरले असते, तर कदाचित मोठा पोपडा पडला असता, एवढाच फरक. सैल झालेला गिलावा काढून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवावी आणि नंतर चुन्याचा गिलावा करावा. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता विरळ झाले आहेत हे खरे, पण पंढरपूर, अक्कलकोटकडे जुन्या वाड्यांची आणि देवळांची डागडुजी चालू असते, तिथे चौकशी केली तर माणूस मिळतो.

तिरक्या भेगा काळ्या मातीच्या आहेत. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलते. खात्रीसाठी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी, आणि भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावावी. भेग उन्हाळ्यात रुंदावत आणि पावसाळ्यात मिटत असेल, तर निदान पक्के झाले. अशी भेग सिमेंटने बुजवण्यात अर्थ नसतो; ती पुन्हा उघडते.

उपाय भिंतीत शोधण्याऐवजी भिंतीबाहेर करावा. पायालगतच्या मातीची ओल वर्षभर शक्य तितकी सारखी ठेवायची, हे सूत्र आहे. घराभोवती निदान एक मीटर रुंदीचा फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करावा, छपराचे पाणी पाइपने लांब सोडावे, मोरीचे सांडपाणी भिंतीपाशी मुरू देऊ नये आणि वेगाने वाढणारी झाडे भिंतीलगत लावू नयेत, कारण त्यांची मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल शोषून घेतात. पुढील बांधकाम करताना पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा. मुरूम फार खोल असेल, तर काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, खाली फुगवटा असलेले पाइल (जमिनीत खोल घेतलेले काँक्रीटचे खांब) वापरता येतात. त्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. गवंड्याच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

प्रश्न : सांगोला तालुक्यात दोन एकर डाळिंब आहे. घरात काम करणारे आम्ही दोघेच. ठिबक, फवारणी पंप, कात्र्या यांची देखभाल करायला वेळच मिळत नाही आणि नेमके बहराच्या वेळी काहीतरी बंद पडते.

उत्तर : डाळिंबात वेळ काढण्याची सोय पिकानेच केलेली आहे. बहर कोणताही धरा, त्याआधी बागेला ताण द्यावाच लागतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडावे लागते, आणि ताणाच्या दिवसांत ठिबक बंद असते. ठिबकचे सारे काम त्याच काळात उरकावे. अर्थात, संचातून पाणी सोडायचे काम ताण सुरू होण्याच्या आदल्या दिवसांत करावे, नाहीतर ताण मोडेल. फिल्टर उघडून धुवावा, सबमेनचे (उपमुख्य नळीचे) फ्लश व्हॉल्व्ह सोडावेत, प्रत्येक लॅटरलचे (ओळीतील तोट्यांच्या नळीचे) टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने तोट्यांवर पांढरे पुट चढत असेल, तर आम्ल प्रक्रिया करावी. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, हातमोजे आणि चष्मा घालावा, संच रात्रभर बंद ठेवून सकाळी भरपूर पाण्याने धुऊन काढावा. ताण चालू असताना खारींनी कुरतडलेल्या नळ्या जोडणे, पंपाचे गास्केट आणि नोझल बदलणे ही कोरडी कामे करावीत.

फवारणीच्या पंपाबाबत माझा एकच आग्रह आहे : तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा मारावा. धुतलेल्या पंपातही तणनाशकाचा अंश राहतो आणि कोवळ्या पालवीवर तो दिसून येतो. कात्र्यांचे म्हणाल, तर तेल्या रोगाचे जिवाणू छाटणीच्या कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात; त्यामुळे कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवूनच पुढच्या झाडाला लावावी. दोन कात्र्या ठेवल्या, तर एक द्रावणात आणि एक हातात राहते, काम थांबत नाही. द्रावणाची तीव्रता आणि रोगाचे वेळापत्रक यांसाठी सोलापूरजवळ केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहाव्यात. ते केंद्र आपल्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे.

प्रश्न : बार्शी तालुक्यात सामाईक बांधावर वेडी बाभूळ माजली आहे आणि रानात कुंदा (मुळ्यांपासून पुन्हा फुटणारे गवत) शिरला आहे. जेसीबी लावून बांधच काढून टाकावा, असे शेजारी सुचवतो. काय करावे?

उत्तर : बांध काढू नका. एकदा बांध गेला की पाण्याबरोबर मातीही जाते आणि हद्दीचा वाद मागे राहतो. हद्दीबद्दल शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा आणि खुणांचे दगड रोवून घ्यावेत. जेसीबीचा विचार त्यानंतर, आणि तोही फक्त वेड्या बाभळीच्या खोडांपुरता. ही बाभूळ जमिनीलगत कापली तर दुप्पट फुटते, म्हणून खोडाचा गड्डाच उपटला पाहिजे, आणि पडलेला खड्डा त्याच दिवशी चोपून भरला पाहिजे. मोकळ्या झालेल्या बांधावर मारवेल किंवा खस गवत लावावे. माती धरून राहते आणि मारवेलीची वैरणही मिळते. कुंद्यासाठी रोटाव्हेटर फिरवू नये, कारण त्याने मुळ्यांचे तुकडे होऊन प्रत्येक तुकडा उगवतो. एप्रिलमध्ये पलटी नांगराने खोल नांगरट करून मुळ्या उन्हात उघड्या पाडाव्यात आणि माणसे लावून वेचून जाळाव्यात. एका वर्षात कुंदा जात नाही. दोन उन्हाळे हे काम करावे लागेल, याची तयारी ठेवावी.

प्रश्न : करमाळ्याजवळ गोठ्यावर छोटा स्लॅब टाकायचा आहे. बोअरचे पाणी खारे आहे, मे महिन्यात गवंडी रिकामे आहेत. चालेल का?

उत्तर : दोन्ही गोष्टींना माझे उत्तर बहुधा नाही असेच येईल. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकाने पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) किमान ६ अशी ठेवली आहे. पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. मर्यादेपेक्षा जास्त क्षार निघाले, तर कालवण्यासाठी आणि पाणी मारण्यासाठी गोडे पाणी आणावे, नाहीतर आतल्या सळया गंजून काही वर्षांत स्लॅबचे पोपडे खाली जनावरांवर पडतील. हेच मानक उष्ण-कोरड्या हवेत साध्या सिमेंटच्या कामाला १० दिवस आणि मिश्र सिमेंटच्या कामाला १४ दिवस क्युरिंग (पाणी मारून ओले ठेवणे) सुचवते. सध्या बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट मिश्र, म्हणजे पीपीसी प्रकारचे असते. गोणीवर तसे छापलेले असते. मेच्या उन्हात चौदा दिवस स्लॅब ओला ठेवायला जेवढे पाणी लागेल, तेवढे त्या महिन्यात आपल्याकडे जनावरांना तरी असते का, याचा विचार करावा. या उन्हाळ्यात खांब आणि जोत्यापर्यंतचे काम करून घ्यावे, पावसाळ्यापुरते वर पत्रे टाकावेत, आणि स्लॅब डिसेंबरमध्ये घ्यावा. पत्रे नंतर कडब्याच्या गंजीवर कामाला येतील.